वाट वाकडी करून

ओतारने विजेच्या बिलाच्या पाठीवर रस्ता काढलाय.
सरळ, पट्टी लावून.
तिबिलिसी, गोंबोरीचा घाट, तेलावी.
घाटाला एकही वळण नाही.
"वळणं मला पाठ आहेत," म्हणतो, "ती कशाला काढू?"

शेजारी वेळा:
सात चाळीसला निघायचं,
नऊ पंचावन्नला पोचायचं.
मी म्हटलं, अरे, चार दिवस आहेत आपल्याकडे.
त्याने चष्मा पुसला
(एकच आहे, वाचायचा, दोघांत मिळून)
आणि खरंच काळजीने विचारलं,
"मग उरलेल्या वेळात काय करायचं?"

एकतीस वर्षं मिनीबस चालवली याने त्या रस्त्यावर.
अठरा माणसं, त्यांच्या कोंबड्या,
एकदा तर चौकटीसकट एक दार.
द्राक्षं उतरायच्या दिवसांत
सीटखालच्या बादल्यांतून रस गळायचा,
मधमाश्या सोबत यायच्या पार शहरापर्यंत, बिनतिकीट.
ते शर्ट मी धुतले.
कॉलरला आंबूस वास, बाह्यांना जांभळे डाग.
एक लग्न सोडलं, तर माझं काखेती एवढंच:
साबणाच्या पाण्यात भिजत घातलेलं.

म्हणून आता पेन माझ्या हातात.
सात चाळीस खोडलं. लिहिलं: चहा झाल्यावर.
वार्दिसुबानीत म्हणे अजून रांजण घडवतात,
माणूस आत उभा राहील एवढे;
मला त्यात डोकं घालून
स्वतःच्या नावाने हाक मारायची आहे.
लिहिलं: रांजण, अर्धा दिवस.
"अर्धा दिवस? रांजण बघायला?"
हो. हवं तर तू बाहेर बस.

गाडी मालखाजची, हीटर बिघडलेला.
गोळ्या डबीत मोजून भरल्या, चार दिवसांच्या, एक दिवस जास्त धरून.
डॉक्टरने त्याला एक पेला सांगितलाय.
पेल्याचं माप सांगितलेलं नाही,
आणि आम्ही दोघांनी ते विचारलेलंही नाही.

मग बराच वेळ तो गप्प.
मेजावरच्या रेक्झिनवरची लिंबं बोटाने मोजत बसला.
म्हणाला, घाट उतरला की एक वळण आहे,
तिथे गाव नाही, पाटी नाही, साधा बाकही नाही.
दर ऑक्टोबरात एक बाई तिथे उतरायची,
रिकाम्या काचेच्या बरण्या घेऊन, वेताच्या टोपलीतल्या.
परतताना कधीच दिसली नाही.
पायवाट आक्रोडाच्या झाडामागे जायची.
पुढे कुठे जायची, कोण जाणे.
आरशात तेवढंच मावायचं.

"दिसायला कशी होती?"
त्याने मनापासून आठवून पाहिलं.
"बरण्या हिरव्या होत्या," म्हणाला.

एकतीस वर्षं, आणि याने एकदाही
कुणासाठी वाट वाकडी केली नाही.
मागून जो तो ओरडायचा, *गामिचेरेत!*
म्हणजे माझ्यासाठी थांबवा.
शाळेची मुलं, पाद्री, दारुडे, बाळंतीण पोरी,
सगळ्या खोऱ्याने याला थांबवलंय,
फक्त मी नाही.
मी खिडकीत उभी राहून
उशीर मोजणाऱ्यांतली.

बिलाच्या कोपऱ्यात मी आक्रोडाचं झाड काढलं.
ते फुलकोबीसारखं झालं.
त्याने चष्मा मागितला, पाहिलं,
आणि पट्टीने ओढलेली ती रेघ
पहिल्यांदाच हाताने, थरथरत,
झाडामागे वळवली.
पुढे कागद संपतो.

रात्री झोपेत त्याचा उजवा पाय हलत होता.
ब्रेक की दुसरं काही, कळलं नाही.
मी अंधारात ओठांतल्या ओठांत सराव केला.
नवऱ्याला म्हणायचं तर शेवटचा *त* गळून पडतो:
*गामिचेरे.*
थांबवा नाही. थांबव.